विश्लेषण : केस रंगवणे बंद, बोटॉक्सही नको... मध्यमवयात ‘नैसर्गिक’ राहायचे म्हणजे नेमके काय करायचे?

चाळिशी-पन्नाशीत केस रंगवणे थांबवायचे आणि सुरकुत्यांवर इंजेक्शन घ्यायचे नाही, असे ठरवणाऱ्यांची संख्या लहान असली तरी ती आता नजरेत भरू लागली आहे. वरवर पाहता हा सोपा निर्णय आहे, कारण त्यात काही करायचेच नसते. प्रत्यक्षात मात्र तो घेताना केसांच्या रंगातील रसायनांपासून नातेवाइकांच्या शेऱ्यांपर्यंत अनेक गोष्टींचा विचार करावा लागतो. त्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे वयाची कोणती खूण स्वीकारायची आणि कोणती डॉक्टरांना दाखवायची?

हा विषय चर्चेत का आला?

२०२०च्या टाळेबंदीत सलून आणि पार्लर दीर्घकाळ बंद राहिली. दर महिन्याला केसांच्या मुळांना रंग लावणाऱ्या अनेकांना आपले केस खरोखर किती पांढरे झाले आहेत, हे त्या काळात पहिल्यांदाच दिसले. टाळेबंदी उठल्यावर बहुतेकांनी पुन्हा रंग लावला, काहींनी मात्र लावलाच नाही. समीरा रेड्डी यांनी २०२१ मध्ये पांढरे केस न लपवण्याबद्दल समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये झीनत अमान इन्स्टाग्रामवर आल्या, त्या पांढऱ्या केसांसह. त्याच वर्षी पामेला अँडरसन पॅरिस फॅशन वीकमध्ये मेकअपशिवाय वावरल्या आणि त्याची जगभर बातमी झाली. मेकअप न करणे ही बातमी ठरावी, यातच अपेक्षा किती बदलल्या आहेत हे दिसते.

दुसऱ्या बाजूला उपचारांची बाजारपेठ वाढतेच आहे. ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ एस्थेटिक प्लास्टिक सर्जरी’ या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या पाहणीनुसार, २०२३ मध्ये जगभरात सुमारे साडेतीन कोटी सौंदर्योपचार झाले. त्यातील निम्म्याहून अधिक उपचार शस्त्रक्रियेविना, म्हणजे बोटॉक्स, फिलर्स, लेझर अशा प्रकारचे होते. पूर्वी सिनेसृष्टीपुरते असलेले हे उपचार आता मध्यम शहरांतील क्लिनिकमध्येही मिळतात. त्यामुळे जी गोष्ट वयाप्रमाणे आपोआप होत असे, ती होऊ द्यायची की नाही हा आता निवडीचा प्रश्न झाला आहे.

केस पांढरे का होतात?

केसाला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य केसाच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी तयार करतात. या पेशींचा साठा केसाच्या मुळाशीच असलेल्या मूळ पेशींमधून भरला जातो. वयानुसार हा साठा संपत जातो किंवा काम करेनासा होतो आणि नवा येणारा केस रंगाविना उगवतो. म्हणजे काळा केस पांढरा ‘होत’ नाही, तो पांढराच बाहेर येतो. एक पांढरा केस उपटला की शेजारचे चार पांढरे होतात, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक केसाचे मूळ स्वतंत्र असते.

केस कधी पिकणार हे मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते. तणावाचाही संबंध असू शकतो. तीव्र तणावात मज्जातंतूंमधून स्रवणाऱ्या रसायनामुळे उंदरांमधील रंगपेशींचा साठा झपाट्याने संपतो, असे हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. धूम्रपान, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांच्याशीही अकाली पांढरेपणाचा संबंध आढळतो. भारतीयांमध्ये साधारण पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर त्याला अकाली म्हटले जाते. पंचेचाळिशीत केस पांढरे होणे हा आजार नाही.

चेहरा कशामुळे बदलतो?

त्वचेला ताठरपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन तारुण्यानंतर दर वर्षी सुमारे एक टक्का घटत जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट एकदम वेग घेते. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होते, असे मानले जाते. भारतात रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ वर्षांच्या आसपास आहे. त्यामुळे ‘दोन वर्षांत एकदम वय दिसायला लागले’ ही अनेकींची तक्रार केवळ मनाचे खेळ नसते.

मात्र चेहऱ्यावर दिसणारे सगळेच बदल वयामुळे होत नाहीत. उन्हाचा वाटा फार मोठा असतो. अमेरिकेत २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या एका चालकाचे छायाचित्र २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केले. त्याच्या चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू खोल सुरकुत्यांनी भरली होती. उजवी बाजू कितीतरी तरुण दिसत होती. दोन्ही बाजूंचे वय अर्थातच एक होते, फरक काचेतून येणाऱ्या अतिनील ‘ए’ किरणांचा होता. आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे असते, एवढाच काय तो फरक.

सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असल्याने भारतीयांना सुरकुत्या गोऱ्या लोकांच्या तुलनेत उशिरा पडतात. त्याऐवजी वांग, काळसर डाग आणि डोळ्यांखालचा काळेपणा आधी दिसतो. परदेशी जाहिरातींमधील सुरकुत्यांची भीती इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

बोटॉक्स आणि फिलर्स नेमके काय करतात?

बोटॉक्स हे बोट्युलिनम टॉक्सिनच्या एका उत्पादनाचे नाव आहे. हे विष अत्यल्प मात्रेत स्नायूत टोचले की मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा संदेश थांबतो. स्नायू सैल पडतो आणि कपाळावरच्या आठ्या मिटतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भुवयांमधील आठ्यांसाठी त्याला २००२ मध्ये मान्यता दिली. जुनाट अर्धशिशीसारख्या आजारांतही ते वापरले जाते. फिलर्सचे काम वेगळे असते. बहुतेक फिलर्स हायल्युरॉनिक आम्लाचे असतात आणि खोल गेलेली जागा भरून काढतात.

दोन्ही उपाय तात्पुरते आहेत. बोटॉक्सचा परिणाम साधारण तीन ते चार महिने टिकतो, म्हणजे वर्षाला तीन-चार वेळा इंजेक्शन घ्यावे लागते. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करून पासष्टीपर्यंत चालू ठेवले तर हा आकडा ६० ते ८० वर जातो. खर्चाचा विचार एका बैठकीच्या दरावर न करता या एकूण हिशेबावर करायला हवा.

मग मध्येच बंद केले तर चेहरा आणखी बिघडतो का? तसे होत नाही. स्नायू पुन्हा पूर्वीसारखे काम करू लागतात आणि वयाप्रमाणे असायला हव्यात तेवढ्याच सुरकुत्या परत दिसतात. पूर्वी उपचार घेतले असतील आणि आता थांबायचे असेल, तर वैद्यकीयदृष्ट्या त्यात अडचण नाही. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर नकोसा झाला तर तो विरघळवणारे इंजेक्शनही असते.

धोका बहुतेक वेळा उपचार कोण आणि कोणत्या औषधाने करतो यात असतो. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मृत होऊ शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. बनावट बोटॉक्समुळे लोक आजारी पडल्याने अमेरिकेतील यंत्रणांना एप्रिल २०२४ मध्ये इशारा द्यावा लागला होता. त्यामुळे हे उपचार करायचेच असतील तर ते प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच करावेत. घरी येऊन स्वस्तात इंजेक्शन देणाऱ्यांपासून लांब राहावे.

केसांचा रंग किती सुरक्षित?

गडद रंगाच्या बहुतेक हेअर डायमध्ये पॅराफेनिलिनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. टाळूला खाज येते, पापण्या सुजतात, कानामागे पुरळ उठते. वर्षानुवर्षे काहीही त्रास न झालेल्या व्यक्तीलाही ही ॲलर्जी अचानक होऊ शकते. काही जणांच्या कपाळावर आणि कानशिलांजवळ हळूहळू काळपट छटा येते. ती वयामुळे आली असे समजून लोक क्रीम लावत राहतात आणि रंग मात्र चालूच असतो.

‘मी फक्त मेंदी लावते’ असे सांगणाऱ्यांनीही पाकीट वाचायला हवे. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-केशरी असतो, ती काळा रंग देत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत निळीची पाने असू शकतात किंवा सरळ पीपीडीही असू शकते. ‘अमोनिया-फ्री’ याचा अर्थ पीपीडी-फ्री असाही नाही.

कर्करोगाच्या भीतीबाबत चित्र असे आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तन व्यवसायात रोज रसायनांशी येणारा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. घरी स्वतःच्या केसांना रंग लावण्याबाबत मात्र असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले आहे. म्हणजे केवळ भीतीपोटी रंग सोडण्याचे कारण नाही. लावायचाच असेल तर प्रत्येक नव्या पाकिटाआधी त्वचेवर थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी.

‘वय थांबवणाऱ्या’ औषधांना कायदा काय म्हणतो?

औषध नियम, १९४५ मधील परिशिष्ट ‘जे’मध्ये अशा आजारांची आणि स्थितींची यादी आहे, ज्या बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये. कर्करोग, मोतीबिंदू अशा नोंदींबरोबर त्या यादीत टक्कल, अकाली पांढरे केस आणि अकाली वार्धक्य हेही आहे. सौंदर्यप्रसाधनाची कायदेशीर व्याख्याही दिसणे सुधारणे, स्वच्छ करणे, आकर्षक करणे एवढ्यापुरतीच आहे. म्हणून तर जाहिरातीत ‘सुरकुत्या जातात’ असे न म्हणता ‘सुरकुत्या कमी दिसतात’ असे म्हटलेले असते.

खरा धोका बिननावाच्या डब्यांमध्ये असतो. पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे केरळ आणि महाराष्ट्रातील डॉक्टरांसमोर आली आहेत. स्टेरॉइड असलेली क्रीम महिनोन्महिने चोळल्याने चेहरा लाल होणे, त्वचा पातळ पडणे, लव वाढणे हे तर त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमीचे झाले आहे.

स्त्री आणि पुरुषांना वेगळा न्याय?

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वयाचे नाव त्या वस्तूला दिले आणि कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. ‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असे सांगून अनुभवाचा दाखलाही दिला जातो. एकसष्टी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन असे वयाचे सोहळे होतात. तरीही पंचेचाळिशीतील स्त्री पांढऱ्या केसांनी लग्नसमारंभात गेली की ‘बरं नाही का गं?’ किंवा ‘अगं, जरा स्वतःकडे लक्ष दे’ असे ऐकावे लागते. मिलिंद सोमण यांच्या पांढऱ्या दाढीचे कौतुक करणारेच घरातल्या बाईच्या पांढऱ्या बटेवर बोट ठेवतात.

लेखिका सुझन सोंटाग यांनी १९७२ मध्येच या दुटप्पीपणावर लेख लिहिला होता. पुरुषाच्या वाढत्या वयाला समाज जेवढी सूट देतो तेवढी स्त्रीला देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ५० वर्षांनंतर, २०२२ मध्ये कॅनडातील ज्येष्ठ वृत्तनिवेदिका लिसा लाफ्लाम यांना वाहिनीने निरोप दिला तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. टाळेबंदीत त्यांनी केस रंगवणे सोडले होते. वाहिनीने हा व्यावसायिक निर्णय असल्याचे सांगितले, पण त्यांच्या पांढऱ्या केसांचा याच्याशी संबंध आहे का यावर देशभर वाद झाला.

म्हणूनच ‘नैसर्गिक राहा’ हा सल्ला सर्वांना सारखा परवडत नाही. स्वागतकक्षात, विक्री विभागात किंवा पडद्यावर काम करणाऱ्या बाईला त्याची किंमत मोजावी लागू शकते. तिने रंग लावला तर ती कमकुवत मनाची ठरत नाही. तसेच न लावणारी बाई गबाळी किंवा आजारीही ठरत नाही.

उपचार नकोत, मग काय करावे?

नैसर्गिकपणे वय वाढू देणे म्हणजे शरीराकडे दुर्लक्ष करणे नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळल्या. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एसपीएफ ३०चे, ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही किरणे अडवणारे साधे सनस्क्रीन पुरते. वांग असणाऱ्यांना रंगछटा असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. छत्री, टोपी आणि ओढणी यांचा तर खर्चही नाही.

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वजन तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते. चेहऱ्यावरील सुरकुतीने आयुष्य अडत नाही, पण जमिनीवरून उठताना आधार लागू लागला की अडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करायला हवा. पुरेशी प्रथिने, दातांची काळजी, झोप आणि तंबाखूपासून दूर राहणे यांचा परिणाम चेहऱ्यावरही दिसतो.

वयाकडे पाहण्याच्या दृष्टीचाही आरोग्याशी संबंध दिसतो. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांच्या माहितीचा अभ्यास मांडला. स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल सकारात्मक मत असणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगल्याचे त्यात आढळले. दृष्टिकोन हेच एकमेव कारण आहे असे यावरून म्हणता येत नाही, पण ही तफावत दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

‘वय झालं’ म्हणून काय सोडून देऊ नये?

इथे सर्वाधिक चुका होतात. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळा पट्टा दिसू लागला तर तो मळ किंवा वय नसते. इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची आणि पुढे मधुमेह होण्याची ती खूण असू शकते. तिथे क्रीमपेक्षा रक्तातील साखरेची तपासणी आधी हवी. केस अचानक मूठभर गळू लागले तर हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासावे. हनुवटीवर एकदम राठ केस येऊ लागणे, तिळाचा आकार किंवा रंग बदलणे, न भरणारी जखम आणि एक पापणी अचानक खाली येणे या गोष्टी डॉक्टरांना दाखवायलाच हव्यात. पापणी इतकी ओघळली की दृष्टीच अडते, तेव्हा तिची शस्त्रक्रिया हा सौंदर्योपचार राहत नाही.

रजोनिवृत्तीच्या काळातील गरम वाफा, झोप उडणे, योनीमार्गाचा कोरडेपणा आणि खोकताना लघवी होणे हे त्रास ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोसले जातात. या सर्वांवर उपचार आहेत. पाळी पूर्ण थांबल्यानंतर वर्षभराने पुन्हा रक्तस्राव झाला तर एक दिवसही वाट पाहू नये. उंची कमी होणे किंवा साध्या पडण्याने हाड मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची लक्षणे आहेत. बोटॉक्सला नकार देणे आणि या तक्रारींकडे पाठ फिरवणे यात मोठा फरक आहे.

थांबायचे ठरवले तर कसे?

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण नैसर्गिक व्हायला दीड ते दोन वर्षे लागतात. दोन रंगांची सरळ रेघ दिसणारे पहिले सहा महिने सर्वांत अवघड जातात आणि बहुतेक जण तिथेच हार मानतात. केस आखूड कापणे, मधल्या काळात फिकट बटा करून रेघ पुसट करणे किंवा घरातले एखादे कार्य पार पडल्यानंतर सुरुवात करणे हे मार्ग आहेत. पांढरा केस अधिक कोरडा आणि राठ वाटू शकतो, त्याला तेल आणि कंडिशनर जास्त लागते.

सुरुवात करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारता येतो : आपल्याला पाहणारे कुणीच नसते, तर हा उपचार घेतला असता का? उत्तर ‘हो’ आले तर सुरक्षित मार्गाने तो घ्यायला हरकत नाही. उत्तर ‘नाही’ आले, तर वाचलेला वेळ आणि पैसा दात, डोळे, हाडे आणि रक्ताच्या तपासणीकडे वळवणे अधिक शहाणपणाचे. हा निर्णय कायमचाही नसतो. आज रंग सोडणाऱ्याला मुलीच्या लग्नात तो पुन्हा लावावासा वाटला, तर त्यात कोणताही शब्द मोडल्यासारखे नाही.